‘बघू’च्या मुलखातले दोघे

ऑगस्टची दुपार होती. मी ओट्याशी भेंड्या पुसत उभी होते आणि बाहेरचं जाळीचं दार वाजलं. बर्मिंगहॅमपासून दीड तास आत, अलाबामातल्या आमच्या गावात दुपारी दोनला कुणी कुणाकडे जात नाही. हवा म्हणजे कोकणातला मे महिना, फक्त समुद्र नाही. दाराशी पाहिलं तर दोन मुलं. पांढरे शर्ट अंगाला चिकटलेले, गळ्यात टाय, खिशावर काळा बिल्ला. दार वाजवून ते तीन पावलं मागे सरून उभे होते, पायरीच्या कडेला.

“आत या, चहा टाकते,” मी सवयीने म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “घरात आणखी कुणी आहे का, मॅम?” असं अनोळखी माणसाने विचारलं तर बाईने आधी कडी लावावी. मी म्हटलं, मिस्टर हॉस्पिटलात आहेत. “मग आम्ही इथे पोर्चवरच बरे. आणि चहा नको, पाणी चालेल.”

आत येणं नाकारलं, चहा नाकारला. आमच्या आजीने त्यांना पुन्हा दारात उभं केलं नसतं. मी पाणी दिलं, मग लिंबू सरबत दिलं, आणि पुढच्या दीडेक वर्षात हे दोघे, त्यांच्या जागी आलेले, त्यांच्याही जागी आलेले असे सात-आठ जण त्या पोर्चवर बसून गेले. मी धर्म बदलला नाही. पण यांचं हे काम चालतं तरी कसं, याची मला चटक लागली.

मिशनरी म्हटलं की आपल्याला आठवतात विल्सन कॉलेजचे जॉन विल्सन, १८९४ साली मिरजेत हॉस्पिटल उभारणारे डॉ. वॉनलेस, नगरचं अमेरिकन मराठी मिशन आणि रेव्हरंड टिळक. शाळा, दवाखाना, छापखाना, आणि त्यात जन्म घालवणारी पोक्त माणसं. माझ्या पोर्चवरची मुलं यात कुठे बसेनात. एक एकोणीस वर्षांचा, एक वीसचा. पाद्री नाहीत, मास्तर नाहीत, पगार नाही. बिल्ल्यावर आडनावाच्या आधी ‘एल्डर’ लिहिलेलं, म्हणजे ज्येष्ठ! दोन वर्षं त्यांना पहिल्या नावाने कुणी हाक मारत नाही. बरोबर राहणारा जोडीदारसुद्धा आडनावानेच बोलावतो.

हे लोक मॉर्मन. न्यूयॉर्क राज्यात १८३० साली जोसेफ स्मिथने स्थापन केलेला हा पंथ, मुख्यालय युटातल्या सॉल्ट लेक सिटीत. बायबलच्या जोडीला त्यांचा ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा आणखी एक ग्रंथ आहे, आणि सगळी भानगड तिथूनच सुरू होते. ‘मॉर्मन’ हे नाव २०१८ पासून त्यांच्या चर्चलाच नकोसं झालंय. ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असं पूर्ण म्हणा, असा आग्रह असतो. मुलं तसं म्हणतात, गाव तसं म्हणत नाही.

तर या पंथातल्या मुलाने वयात आल्यावर दोन वर्षं प्रचाराला जावं अशी अपेक्षा असते. मुली दीड वर्ष जातात, त्यांच्यावर तसं बंधन नाही. २०१२ साली किमान वय मुलांसाठी १९ वरून १८ आणि मुलींसाठी २१ वरून १९ वर आणलं, तेव्हा एकदम लोंढा आला. २०२४ च्या अखेरीस जगभर सुमारे ७४ हजार पूर्णवेळ प्रचारक होते, ४५० मिशनांत वाटलेले. यातल्या कुणाला चर्च पगार देत नाही. उलट अमेरिकेतला मुलगा दरमहा ५०० डॉलर भरतो. २०२० पर्यंत ही रक्कम ४०० होती. शाळेत असताना शेजाऱ्यांची हिरवळ कापून साठवलेले, घरच्यांनी घातलेले, कधी त्याच्या मंडळीतल्या लोकांनी मिळून उचललेले पैसे. टोकियोत नेमणूक होवो की अलाबामात, आकडा तोच. महागडं शहर आणि स्वस्त खेडं यांची सांगड चर्च आपल्या पातळीवर घालतं आणि मुलाच्या हातात महिन्याला जेवणाखाण्यापुरते पैसे येतात. भाडं आणि गाडी मिशनकडून.

कुठे जायचं ते मुलगा ठरवत नाही. अर्ज, डॉक्टरची तपासणी, दातांचीसुद्धा, आणि मग वाट पाहणं. पूर्वी जाड पाकीट यायचं, आता ईमेल येतो, आणि तो सगळ्या गोतावळ्यासमोर उघडण्याची पद्धत आहे. मनात पॅरिस, साओ पाउलो असतं आणि कागदावर निघतं अलाबामा. एका मुलाच्या मावशीने विचारलं होतं, “तिथली भाषा शिकवतात का रे?” घरात सगळे हसले. इथे आल्यावर पेट्रोल पंपावरच्या म्हाताऱ्याचं पहिलं वाक्य ऐकलं आणि मावशीचा प्रश्न किती रास्त होता ते त्याला कळलं. युटातल्या प्रोव्होच्या केंद्रात प्रशिक्षण होतं. परकी भाषा शिकायची नसेल तर काही आठवड्यांतच आटोपतं. अमेरिकेच्या दक्षिणेतली इंग्रजी परकी धरत नाहीत.

राहायला दोघांना मिळून एक भाड्याची जागा. मी ती एकदाच पाहिली, तीही नवऱ्याबरोबर, जुना टेबल पंखा पोचवायला गेलो तेव्हा. एका खोलीत दोन पलंग, दुसरीत शेजारीशेजारी दोन टेबलं. टीव्ही नाही. भिंतीवर नकाशा, नकाशात टाचण्या. सकाळी साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम, मग न्याहारी, मग एकेकट्याने वाचन, मग दोघांनी मिळून. आज कुणाकडे जायचं, काय सांगायचं याची रंगीत तालीमसुद्धा होते. एक जण घरमालक होतो, दुसरा दार वाजवतो. दहाच्या सुमारास बाहेर. रात्री नऊच्या आत घरात, शिकवणी चालू असेल तर साडेनऊ. साडेदहाला दिवे बंद. २०१७ पासून या वेळा प्रदेशाप्रमाणे थोड्या पुढेमागे करायची मुभा मिळाली, पण सांगाडा तोच. सिनेमा नाही, मुलींबरोबर फिरणं नाही.

आणि एकटं राहणं तर नाहीच. जोडीदार कायम नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात हवा. अपवाद फक्त न्हाणीघराचा. झोपायचं एका खोलीत, पण वेगळ्या पलंगावर. दुकानात एक जण दुधाच्या रांगेत आणि दुसरा पावाच्या, असंही चालत नाही. एकटी बाई असलेल्या घरात पाऊल टाकायचं नाही, हाही त्यातलाच नियम. माझ्या पोर्चवरच्या पहिल्या नकाराचा उलगडा मला तेव्हा झाला. मला आधी हे सगळं तुरुंगासारखं वाटलं. पोरावर विश्वास नाही म्हणून मागे दुसरं पोर लावून दिलंय, असं. पण त्यांच्या एका दिवसाचा हिशेब मांडून पाहिला आणि मत बदललं. दिवसाला चाळीस-पन्नास वेळा नकार ऐकणाऱ्या माणसाला कुणीतरी लगेच वळून “या बाईंचा कुत्रा बघितलास का?” असं म्हणणारं लागतं. नाहीतर तिसऱ्या दिवशी तो घरी परतेल.

इथे दक्षिणेचा स्वभाव सांगायला हवा. ईशान्येकडच्या शहरात दार तोंडावर आपटतं, कधी उघडतच नाही. इथे तसं होत नाही. इथे दार उघडतं. “यू बॉइज मस्ट बी बर्निंग अप” म्हणत आजीबाई बर्फ घातलेला गोड चहा घेऊन येतात. आणि खेड्यातल्या प्रत्येक माणसाला बायबल पाठ आहे. आमच्या घरापासून वाण्याच्या दुकानापर्यंत सहा मैलांत मी नऊ चर्च मोजली आहेत: बॅप्टिस्टांची चार, मेथडिस्ट, पेंटेकोस्टल, वाद्यांशिवाय गाणारे चर्च ऑफ क्राइस्टवाले, कृष्णवर्णीयांची दोन. बुधवारी संध्याकाळी प्रार्थना असते म्हणून शाळेचे कार्यक्रम बुधवारी ठेवत नाहीत. नव्या माणसाला इथे आधी आडनाव विचारत नाहीत, “कोणत्या चर्चला जाता?” असं विचारतात. मी ‘हिंदू’ म्हटल्यावर शेजारीण एक क्षण थांबली आणि म्हणाली, “तरी या रविवारी, जेवण छान असतं.”

अशा मुलखात येशूची गोष्ट सांगायला परगावची दोन पोरं येतात. ज्याच्या घरी विहीर आहे त्याला पाणी विकायला आल्यासारखं. पोरं विचारतात, “येशूबद्दल बोलू का?” घरमालक विचारतो, “बाळांनो, तुमचा उद्धार झालाय का?” आता प्रचार कोण कुणाला करतंय ते कळेनासं होतं. मग येतो खरा मुद्दा. बायबलमधल्या ‘प्रकटीकरण’ या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात ‘या ग्रंथात कुणी भर घालू नये’ अशी तंबी आहे, आणि तुम्ही तर अख्खं पुस्तक वाढवून आणलंय! मुलांकडे त्यावर तयार उत्तर असतं: ती तंबी त्या एका ग्रंथापुरती, अशीच एक बायबलमध्ये कितीतरी आधी येणाऱ्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातही आहे, मग त्यापुढचं सगळं गाळायचं का? उत्तर बरं आहे. पण चर्चच्या पंचाहत्तर वर्षांच्या डीकनशी उत्तराने जिंकून काय मिळतं? मुलांना प्रशिक्षणात सांगितलेलं असतं की वाद घालू नका, निघा.

आणि निघताना घरमालक काय म्हणतो? “नको” म्हणत नाही. दक्षिणेत तोंडावर नकार देणं असभ्य. तो म्हणतो, “तुम्ही गोड मुलं आहात. पुस्तक ठेवून जा, वाचीन कधीतरी.” “पुढच्या आठवड्यात या.” “आमच्या हिच्याशी बोलतो.” मी हे ऐकलं आणि हसूच आलं. हा तर आपला ‘बघू’! मुलीच्या स्थळाला, उसन्या पैशांना, सोसायटीच्या वर्गणीला दिला जाणारा अस्सल मराठी ‘बघू’. आपल्याला जन्मापासून ठाऊक असतं की ‘बघू’ म्हणजे कुणी काही बघणार नाही. युटाच्या डोंगरातून आलेल्या मुलाला ते ठाऊक नसतं. तो वहीत लिहितो, ‘गुरुवारी सहाला’. गुरुवारी सहाला गाडी दारात असते, आतला दिवा चालू असतो, आणि दार उघडत नाही. नवखा मुलगा पहिले दोन महिने खूश असतो, कारण त्याची वही भरलेली असते. नवख्याला त्यांच्या बोलीत ‘ग्रीनी’ म्हणतात. तिसऱ्या महिन्यात तो शांत होतो. एकाने मला सांगितलं, “मॅम, शिकागोतला माझा मित्र म्हणतो लोक त्याच्यावर ओरडतात. मला त्याचा हेवा वाटतो. निदान त्याला कळतं तरी.”

अशा मुलाला मी ‘बघू’चं व्याकरण शिकवलं. तारीख न सांगता ‘या’ म्हणाले तर तो नकार. घरातल्या तिसऱ्या माणसाचं नाव पुढे केलं तर नकार. ‘जेवायला या’ म्हणून वेळ आणि पदार्थ दोन्ही सांगितले तर होकार, पण जेवणाला, धर्माला नव्हे.

नेहमीच मात्र इतकं गोड नव्हतं. या चर्चचं दक्षिणेतलं मिशन १८७५ साली सुरू झालं. त्या काळी प्रचारक खिशात पैसे न ठेवता निघत; रात्रीचं अन्न आणि अंथरूण ज्याच्या दारात जातील त्याच्या मर्जीवर. जुलै १८७९ मध्ये जॉर्जियातल्या व्हार्नेल स्टेशनजवळ जोसेफ स्टँडिंग या प्रचारकाला जमावाने गोळ्या घालून मारलं. जोडीदार रजर क्लॉसन वाचला आणि पुढे पंथाच्या सर्वोच्च मंडळात गेला. ऑगस्ट १८८४ मध्ये टेनेसीतल्या केन क्रीकला रविवारच्या सभेच्या वेळी घरात घुसलेल्या जमावाने दोन प्रचारक आणि त्या घरातले दोन तरुण मारले. मारेकऱ्यांचा म्होरक्याही पडला. ते मृतदेह उकरून युटाला पाठवायला बी. एच. रॉबर्ट्स हा तरुण अधिकारी भटक्याचं सोंग घेऊन गेला होता. रागाचं मोठं कारण त्यांचं बहुपत्नीत्व, जे चर्चने १८९० साली अधिकृतपणे थांबवलं. दुसरं कारण, बाहेरचा माणूस येऊन आपली माणसं युटाला घेऊन जातो ही भीती. मुलं या गोष्टी लहानपणापासून ऐकत आलेली असतात, त्यामुळे दुपारच्या उन्हात एखाद्या लांबलचक कच्च्या रस्त्याच्या तोंडाशी ‘आत येऊ नये’ अशी पाटी दिसली की पाय अडखळतात. प्रत्यक्षात आज धोका असतो तो कुत्र्यांचा, आणि लाल मुंग्यांचा. ही मुंगी १९३० च्या दशकात दक्षिण अमेरिकेतून मोबिल बंदरात उतरली आणि अख्खी दक्षिण तिने काबीज केली. टाय लावून तिच्या वारुळावर उभं राहिलेलं मूल मी पाहिलं आहे. आधी काही कळत नाही. मग एकदम सगळ्या एकाच वेळी चावतात.

जाता जाता आपल्याकडचं एक सांगते. त्याच काळाच्या थोडं आधी, १८५२ साली, ह्यू फिंडले नावाचा मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरला आणि तिथून पुण्यात गेला. तिथे त्याने छोटीशी मंडळीही जमवली. मी हे पोर्चवर सांगितलं तेव्हा दोघांना कोण आनंद! पुण्यात दुपारी एक ते चार दार वाजवून बघा, मग दक्षिणेतला पाहुणचार कळेल, असं मी मनात म्हटलं.

एक दार मात्र त्यांना आजही जड जातं. १९७८ च्या जूनपर्यंत या चर्चमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्याचा अधिकार नव्हता, आणि कृष्णवर्णीय स्त्रीपुरुषांना मंदिरातले मुख्य विधी बंद होते. बंदी उठली तेव्हा या मुलांचे बापही लहान असतील. पण आमच्या गावातली निम्मी दारं कृष्णवर्णीयांची आहेत, आणि तिथल्या आजींना सगळं आठवतं. “तेव्हा आमच्या दारात का नाही आलात?” असं एकीने सरळ विचारलं. इथे ‘बघू’ नव्हता. मुलगा म्हणाला, “माझ्याकडे चांगलं उत्तर नाही, मॅम.” आजींनी त्याला बसवलं आणि कलिंगड कापलं. पुढे त्या चर्चला गेल्या की नाही हे मी विचारलं नाही.

आता गाडीकडे येते, कारण खेड्यात सगळं गाडीवर अडतं. शहरात प्रचारक सायकलवर किंवा पायी हिंडतात. इथे एकेका जोडीकडे दोन-तीन तालुक्यांएवढा टापू असतो, घरं एकमेकांपासून मैलभर, म्हणून मिशनची साधी गाडी मिळते. पण महिन्याला मैल ठरलेले. पंचवीस तारखेपर्यंत ते संपले की सायकल. गाडीत एक छोटं यंत्र बसवलेलं असतं. वेग वाढला की ते बाईच्या आवाजात टोकतं आणि वरच्यांना कळवतं. त्या यंत्राला पोरं घाबरतात तेवढी कुत्र्यांना घाबरत नाहीत. आणि गाडी मागे घ्यायची असेल तर जोडीदाराने खाली उतरून, मागे उभं राहून, हातांनी दिशा दाखवायची. दर वेळी. रिकाम्या मैदानात असले तरी. आमच्या अंगणात मागे धडकायला एक पिकानचं झाड आणि अर्धा एकर गवत आहे. तरी एक जण उतरायचा, गुडघ्यात किंचित वाकायचा आणि एसटीच्या कंडक्टरसारखा हात हलवत गाडी मागे घ्यायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खिडकीत हसले. नंतर सवय झाली. ते नसेल तर गेल्यासारखेच वाटायचे नाहीत.

बरं, चहाचं काय? १८३३ साली जोसेफ स्मिथने जे पथ्य सांगितलं त्यात दारू, तंबाखू आणि ‘गरम पेयं’ वर्ज्य होती. गरम पेयं म्हणजे चहा-कॉफी असा अर्थ पुढे पक्का झाला. मग बर्फातला चहा? तो तर थंड असतो! चर्चचं उत्तर असं की चहा तो चहाच. दक्षिणेत हे संकटच आहे. गोड चहा हे इथलं पाण्यासारखं पेय. बाटलीत नाही, घागरीत करतात. तो नाकारणं म्हणजे पानावरून उठणं. मुलं एक युक्ती शिकतात. घरातली बाई ‘चहा’ म्हणायच्या आत आपणच म्हणायचं, “मॅम, जरा गार पाणी मिळेल का?” मागितलेलं पाणी दिलं की तिचा मान राहतो आणि पथ्यही राहतं. आमच्याकडे हा पेच लिंबाने सोडवला. कोकम सरबताचा रंग पाहून एकाने आधी “यात दारू नाही ना?” असं विचारून घेतलं, प्यायल्यावर चेहरा आंबट-गोड झाला, पण पेला रिकामा करून ठेवला.

संध्याकाळचं जेवण बहुधा पंथाच्याच एखाद्या घरी असतं. या भागात त्यांची माणसं इतकी थोडी की पूर्ण ‘वॉर्ड’ होत नाही, छोटी ‘ब्रांच’ असते, आणि रविवारी काही कुटुंबं तासभर गाडी हाकून येतात. जेवायला तळलेली मांगूर माशासारखी कॅटफिश, मक्याच्या पिठात घोळवलेली भेंडी, कॉलर्डची भाजी, मक्याचा पाव. मक्याच्या कण्यांचे ग्रिट्स पाहून युटाची मुलं थबकतात. मला मात्र त्यात आमची कण्यांची पेज दिसते. आणि रस्त्याकडेला मोठ्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा! या शेंगांपुरती मी आणि दक्षिण एकाच गावच्या. मुलांना त्या ओलसर, मऊ लागतात म्हणून आवडत नाहीत. माझ्याकडे पिशवी आली की ते सभ्यपणे दोन उचलतात. तेही एव्हाना ‘बघू’ शिकलेले असतात.

दार वाजवून खेड्यात फारसं काही घडत नाही हे त्यांच्या वरच्यांनाही कळलेलं आहे. म्हणून आठवड्यातले काही तास सेवेचे. टायऐवजी जीन्स, हातात दस्ताने. कुणाची लाकडं रचून दे, कुणाचं सामान हलव, कुणाच्या छपरावरची पानं काढ. एप्रिल २०११ मध्ये टॉर्नेडोंनी अलाबामा फाडून काढलं, टस्कलूसाचे मोहल्लेच्या मोहल्ले सपाट झाले, तेव्हा या चर्चचे पिवळे सदरे घातलेले लोक करवती घेऊन पडलेली झाडं कापत होते. आमच्या गल्लीच्या टोकाचा शेतकरी आजही मुलांचं एक वाक्य ऐकून घेत नाही, पण कुंपण दुरुस्त करायला मात्र त्यांनाच बोलावतो. एकदा त्याने त्यांच्यासाठी स्वतःहून गार पाणी आणून ठेवलं होतं. मुलांनी ही बातमी मला अशी सांगितली, जशी कुणी पगारवाढीची सांगतं.

रविवारी दोन तासांची उपासना. २०१९ च्या आधी तीन तासांची होती. छोट्या ब्रांचमध्ये मुलंच प्रार्थना म्हणतात, पाव आणि वाईनऐवजी पाणी वाटतात, भाषण करतात, येत असेल तर पियानोही वाजवतात. रात्री आकडे द्यायचे: किती जणांना शिकवलं, किती नवी माणसं चर्चला आली, किती जणांनी बाप्तिस्म्याची तारीख ठरवली. मला हा भाग रुचला नाही. गणपतीची वर्गणी गोळा करणाऱ्या पोरांना पावतीपुस्तक देतात तसं आत्म्यांचं पावतीपुस्तक कशाला? एकाला बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, “आकडे शून्य असले तरी द्यावे लागतात, मॅम. तेच अवघड.” दीड वर्षात माझ्या माहितीत आमच्या टापूत तीन बाप्तिस्मे झाले. त्यातला एक जण कोंबड्यांच्या कारखान्यात काम करणारा ग्वाटेमालाचा, ज्याला स्पॅनिश बोलणाऱ्या दुसऱ्या जोडीने शिकवलं होतं.

सोमवार त्यांचा. कपडे धुणं, वाणसामान, केस कापणं, थोडा बास्केटबॉल, आणि घरी फोन. हा फोन नवा आहे. फेब्रुवारी २०१९ च्या आधी घरच्यांशी बोलणं वर्षातून दोनदाच, नाताळ आणि मातृदिन, बाकी पत्रं आणि ईमेल. आता दर आठवड्याला बोलता येतं. एकदा मी त्यांना लाँड्रोमॅटमध्ये पाहिलं. सहा पांढरे शर्ट एका यंत्रात गरगरत होते आणि एक जण कोपऱ्यात फोनवर आईला सांगत होता की सगळं मस्त चाललंय. दुसरा ठरलेल्या नियमाप्रमाणे हाकेच्या अंतरावर बसून छताकडे पाहत होता, ऐकू येत नसल्यासारखा. त्या आधीच्याच शनिवारी फोनवर बोलणारा माझ्या पोर्चवर तासभर एक शब्द न बोलता बसला होता.

सगळे टिकतात असं नाही. काही जण आजारपणाने, काही मन खचल्याने मुदतीआधी परततात, आणि जिथे शेजारचा प्रत्येक मुलगा दोन वर्षं पुरी करून आलेला असतो तिथे ते परतणं सोपं नसतं. उलट काहींचं शेवटच्या महिन्यात लक्ष उडतं; मनाने ट्रंक भरून ठेवलेल्या अशा मुलाला ‘ट्रंकी’ म्हणतात. दर सहा आठवड्यांनी बदल्यांची वेळ येते. शनिवारी कळतं, दोन-तीन दिवसांत बॅग घेऊन जायचं. कुणी एका गावात सहा महिने राहतो, कुणी सहाच आठवडे. जोडीतला एक बहुधा मागे राहतो, म्हणजे गावाची ओळख तुटत नाही. निरोपाला येतात तेव्हा फोटो काढतात आणि पत्ता लिहून घेतात. मी कुणाच्या डोक्यावरून हात फिरवत नाही. ते त्यांच्या नियमात बसणार नाही असं वाटतं. एका डब्यात बेसनाचे लाडू देते.

गेल्या वेळी मात्र दोघेही एकदमच बदलले. नवे दोघे आले ते मार्चमध्ये, पिकानला पालवी फुटायच्या आधी. दार वाजवून तीन पावलं मागे. मी तोंड उघडायच्या आतच त्यातला उंच म्हणाला, “मॅम, तुमचे मिस्टर हॉस्पिटलात असतील तर आम्ही इथेच बसतो.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

त्याने फोन पुढे केला. पूर्वी यासाठी जाडजूड फाइल असायची, आता अ‍ॅप आहे. टापूतलं प्रत्येक दार त्यात नोंदलेलं. आमच्या पत्त्यापुढे चार जोड्यांनी भर घालून ठेवलेल्या ओळी होत्या. चहा विचारतात, नको म्हणावं. लिंबाचं सरबत घ्यावं. लाल सरबतात दारू नाही. धर्मात रस नाही, पण सगळं विचारतात. उकडलेल्या शेंगा देतात, दोन तरी खाव्या. शेजारच्या घरात करडा कुत्रा, बांधलेला नसतो.

मी सरबत करायला आत वळले. निघाले तेव्हा उंच मुलगा चाकाशी बसला आणि दुसरा खाली उतरून पिकानच्या झाडापाशी जाऊन उभा राहिला, गुडघ्यात किंचित वाकून, हात हलवत.